आजीच्या गोष्टीचं चित्रपुस्तक करायचंय, तर बोध कुठे ठेवायचा?

ताई, तुमची आजी शिरपूर तालुक्यातली, तापीकाठच्या गावातली. ती अजूनही नातवंडांना अहिराणीत डोकरीची, म्हणजे म्हातारीची, गोष्ट सांगते. डोकरी लेकीच्या गावाला निघते. वाटेत कोल्हा, अस्वल आणि वाघ तिला खायला उठतात. 'लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा' असं सांगून ती निसटते आणि परतताना गंगाफळात, म्हणजे लाल भोपळ्यात, बसून घरी येते. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली हीच गोष्ट. तुम्हाला तिचं लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचंय आणि तुम्ही विचारलंय, की शेवटी बोध कोणता लिहावा, भाषा अहिराणी ठेवावी की प्रमाण मराठी, चित्रकाराला काय सांगावं, छपाईचं कसं करावं आणि आजीचं नाव कुठे घालावं.

मी जळगावात राहून बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते. त्यात लोककथांची पुस्तकं जास्त. बोधाच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण पुस्तक तिथेच घडतं किंवा बिघडतं. बाकीचं त्याच्यामागून येतं.

माझं मत आधीच सांगते: 'तात्पर्य' म्हणून शेवटी ओळ लिहू नका. बोध नको म्हणून नव्हे. बोध हवाच. पण तो गोष्टीतच कुठेतरी आहे, तो शोधा आणि तिथेच त्याला चांगली ऐसपैस जागा द्या.

शेवटी तात्पर्य लिहायची चाल आपल्याकडे रुजली ती इसापनीतीमुळे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि पुढे त्या शाळाशाळांत गेल्या. इसापाच्या गोष्टीला ती ओळ शोभते, कारण ती गोष्टच तेवढ्यासाठी बेतलेली असते. दोन प्राणी, एक प्रसंग, एकाची चूक, संपलं. पंचतंत्रातही शिकवण उघड आहे, कारण विष्णुशर्मा राजाच्या तीन पोरांना शहाणं करायलाच बसलेला आहे. श्रावणातल्या कहाण्यांचा शेवट मात्र निराळा: 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' तिथे तात्पर्य नाही, फळ आहे. वसा घेणारीला जे मिळालं ते ऐकणारीलाही मिळो, एवढंच मागणं.

आजीची डोकरी या तिन्हींत बसत नाही. डोकरी घरी पोचते आणि गोष्ट थांबते, त्यापुढे आजी काही बोलत नाही. म्हणजे आजीला काही सांगायचं नसतं असं नाही. तिचं सांगणं मध्येच होऊन गेलेलं असतं. तिचा आवाज कुठे खाली येतो, कोणता तपशील ती दर वेळी न चुकता घालते, कुठला प्रसंग एका वाक्यात उरकते, यात ते असतं. म्हणून बोध शोधायचा असेल तर आधी आजीचं सांगणं नीट उतरवून घ्या.

उतरवून घेताना एक पथ्य पाळा. तिच्यासमोर फोन धरून 'आजी, गोष्ट सांग' असं म्हणू नका. म्हातारी माणसं मग सभेत बोलावं तशी बोलायला लागतात, प्रमाण मराठीकडे झुकतात आणि गोष्ट निम्मी गाळतात. पाच-सहा वर्षांचं एखादं पोर तिच्या पुढ्यात बसवा, फोन बाजूला कुठेतरी असू द्या. रेकॉर्डिंग करतोय हे मात्र तिला आधी सांगा, ते लपवून करायचं नसतं. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा ऐका. जमलं तर त्याच गावातल्या तिच्या वयाच्या दुसऱ्या बाईकडूनही ऐका. मग शब्दन्शब्द लिहून काढा, 'मंग' आणि 'आते' सकट, काही सुधारू नका. सगळी सांगणी शेजारी शेजारी ठेवली की दिसायला लागतं: जे दर वेळी येतं तो गोष्टीचा कणा, जे बदलतं ते त्या त्या दिवसाचं.

तुम्ही आतापर्यंत उतरवून पाठवलेली तिची तीन सांगणी मी अशीच शेजारी ठेवून वाचली. या गोष्टीचा युक्तीचा भाग जगभर आहे. बंगालात ती कुबड्या म्हातारीची गोष्ट आहे आणि शेवटी कोल्हा तिला ओळखतो तेव्हा ती आपल्या कुत्र्यांना हाक मारून सुटते. इराणातही भोपळ्यात बसून गडगडत येणारी म्हातारी आहे, आणि तीही लेकीकडूनच परतत असते. लोककथांच्या जागतिक सूचीत 'मी जाड होईपर्यंत थांब' या प्रकाराला 122 एफ असा क्रमांकच दिलेला आहे. तेव्हा 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' हा बोध खोटा नाही, पण तो सगळ्यांच्या म्हातारीचा आहे. तो लिहायला तुमच्या आजीची गरज नव्हती.

तुमच्या आजीने वाघाला दोन वाक्यांत वाटेला लावलंय. रेंगाळली आहे ती लेकीच्या घरी. पहिल्या दिवशी कळण्याची भाकर आणि लोणी, मग वांग्याचं भरीत, मग खापरावरचे पुरणाचे मांडे, वर तूप. लेक आग्रह करते आणि डोकरी 'नको नको' म्हणत वाढून घेते. तिन्ही वेळच्या सांगण्यात हे जेवण आलंय आणि दर वेळी एक पदार्थ वाढलाय. मी तिथे थांबले.

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणारी माणसं आपल्याकडे कालपरवापर्यंत होती. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. लेकीला आणायला मुऱ्हाळी जातो. या गोष्टीत सगळं उलटं झालंय. माय लेकीकडे माहेरपणाला गेली आहे. तिला न्यायला कुणी आलेलं नाही, ती काठी टेकत एकटी निघाली आहे. तिथे ती पोटभर खाते, चार दिवस बसून राहते, त्याची तिला जराही लाज वाटत नाही. परत पाठवायची वेळ येते तेव्हा लेक गंगाफळ पोखरते. जाताना डोकरीचा जीव तिच्या जिभेने वाचवला, येताना तो लेकीच्या हातांनी वाचला. आजी जन्मभर सासरी राबलेली बाई असणार. ती या जागी रेंगाळते ते उगाच नाही.

हा तुमच्या पुस्तकाचा बोध. म्हातारपणी माय लेकीच्या घरी हक्काने जाते, आणि लेक तिला सुखरूप घरी पोचवते.

आता तो ठेवायचा कुठे? लोककथेचं पुनर्कथन करताना सर्रास लिहिलं जातं ते असं: 'लेकीने आईला मदत केली. तात्पर्य: मुलांनी आईवडिलांची सेवा करावी.' मूल हे ऐकतं आणि पान उलटतं. त्याला आज्ञा मिळाली, गोष्ट मिळाली नाही. त्याऐवजी हे पाहा:

'रात्री लेकीने सगळ्यात मोठं गंगाफळ उतरवलं. वरून गोल कापलं. बिया काढल्या, गर काढला. "बस पाहू, माय." डोकरी आत बसली. तिचे गुडघे टेकले. "अजून थोडं," लेक म्हणाली, आणि पुन्हा पोखरायला बसली.'

इथे सेवा, मदत, प्रेम असला एकही शब्द नाही. लेक मापाने काम करते आहे, आईचे गुडघे दुखू नयेत म्हणून पुन्हा बसते आहे. पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. उरलेलं चित्रात जाऊ द्या: जावई कंदील धरून उभा आहे, नात गराने कोपरापर्यंत माखली आहे, बिया सुपात पसरल्या आहेत. यातलं काही मजकुरात लिहू नका. शब्दांनी सांगितलेलंच चित्रात पुन्हा काढलं तर चित्र फुकट जातं.

तुमच्या शाळेतले सहकारी आणि पुस्तक विकत घेणारे पालक 'यातून मुलांना काय शिकायला मिळतं' असं विचारणारच. ते रास्त आहे, त्यांना टाळू नका. त्यांच्यासाठी शेवटचं पान ठेवा. तिथे गोष्ट कुठून आली ते सांगा आणि मुलांशी बोलायला दोन प्रश्न द्या, पण असे, की ज्यांचं उत्तर तुम्हालाही एका वाक्यात देता येणार नाही. 'तुझी आजी कुणाकडे राहायला जाते?' हा एक. 'डोकरीने वाघाला शब्द दिला होता, तो तिने मोडला का?' हा दुसरा. आणि गोष्टीतच बोध शब्दांत यावा असं तुम्हाला फारच वाटत असेल, तर तो लेकीच्या तोंडी घाला, गंगाफळाचं झाकण लावायच्या आधी: 'माय, वाट तीच शे, पन आते तू एकली नही.' पात्र बोललं की ते त्या पात्राचं असतं. निवेदक बोलला की ती शिकवणी होते.

शब्द मोडण्याच्या प्रश्नाला घाबरू नका. वर्गात ही गोष्ट सांगितली की कुणीतरी पोर हमखास विचारतं, 'मॅडम, ती खोटं बोलली ना?' बरेच संपादक या भीतीने डोकरीचं वाक्यच बदलतात, म्हणजे ती काहीच कबूल करत नाही, नुसती विनवणी करते. मग गोष्टीतली अर्धी गंमत जाते. 'मंग माले खाजो' हे वाक्य ठेवाच. जीव वाचवायला जबरदस्तीखाली दिलेला शब्द हा शब्द असतो का, यावर दुसरीची मुलं मोठ्या हिरिरीने भांडतात, आणि त्या भांडणात ती जे शिकतात ते 'नेहमी खरे बोलावे' या ओळीने कधी शिकली नसती. त्या ओळीने तर गोष्टच खोटी पडेल, कारण खरं बोलली असती तर डोकरी पहिल्या वळणालाच संपली असती.

बदलायचं काय आणि नाही काय, याचा माझा नियम साधा आहे. भीती ठेवते, मरण ठेवते, लबाडी ठेवते. माणसाला त्याच्या जातीवरून, रंगावरून, अपंगपणावरून हिणवणारं काढते. जुन्या गोष्टींत असं सापडतं, आजीच्या तोंडी सहज येतं, आणि छापलं की ते पोराच्या मनात पक्कं होतं. तुमच्या गोष्टीत तसं काही नाही. एका जागी मात्र सावध राहा. डोकरीची वाट सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलातून जाते. त्या जंगलात भिल्ल, पावरा माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. चित्रकार ते जंगल ओसाड आणि भयाण काढेल, किंवा त्यात भाले घेतलेली माणसं घालेल. दोन्ही नको. मोहाची फुलं वेचणारी एखादी बाई, दूर एखादी झोपडी, शेळ्या, एवढं असू द्या. भीती वाघाची आहे, तिथल्या माणसांची नाही.

आता पानांची आखणी. पुस्तक 24 पानांचं धरा. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं श्रेयाचं, शेवटचं मोठ्यांसाठीच्या टिपेचं. उरली 21. त्यातलं तिसरं पान सुटं, आणि पुढे समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या. सुट्या पानावर फक्त डोकरी, तिचं लुगडं आणि काठी. पहिली जोडी गाव सोडण्याची. दुसरी, तिसरी, चौथी अनुक्रमे कोल्हा, अस्वल, वाघ, म्हणजे लहानापासून मोठ्याकडे. पाचवीत लेकीचं घर, सहावीत जेवणं, सातवीत गंगाफळ पोखरणं. आठवीत डाव्या पानावर वाघ आणि उजव्यावर अस्वल, कारण आता वेग वाढलाय. नववी पूर्ण कोल्ह्याला, कारण तोच आवाज ओळखतो. दहावीत घर. लेकीच्या घराला दहातल्या तीन जोड्या मिळाल्या, बघा. बोधाला जागा द्या म्हणते ती अशी, पानं मोजून.

पान उलटायची ओढ लावण्यासाठी पुढच्या प्राण्याचं काहीतरी आधीच्या जोडीच्या उजव्या कडेला दिसू द्या. आधी कोल्ह्याची शेपटी, मग अस्वलाचा पंजा, मग नुसते काळे-पिवळे पट्टे. मजकूर तिन्ही भेटींत अक्षरशः तोच ठेवा, एक शब्दही बदलू नका. मोठ्यांना तोचतोचपणा वाटेल, पण मुलाला दुसऱ्या भेटीपासून पाठ झालेलं असतं आणि तिसऱ्या भेटीत तेच वाचून दाखवतं. बदल चित्रात होऊ द्या: जंगल दाट होत जातं, डोकरी लहान दिसत जाते.

दिशेचा प्रश्न या गोष्टीत सगळ्यात अवघड. जाताना डोकरी डावीकडून उजवीकडे गेली तर परतताना ती उजवीकडून डावीकडे यायला हवी, असं वाटतं. पण मराठी वाचणारी नजर डावीकडून उजवीकडे धावते आणि पानंही तशीच उलटतात. उलट दिशेने येणारं गंगाफळ प्रत्येक पानावर अडखळल्यासारखं दिसतं, नेमकं जिथे ते सुसाट हवं तिथे. यावर उपाय तुमच्याच मुलखात आहे. शिरपूरला उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. डोकरी तापीकाठावरून डोंगराकडे जाते, म्हणजे जाताना चढ, येताना उतार. दोन्ही वेळा डावीकडून उजवीकडेच जाऊ द्या, पण जाताना वाट डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे चढेल, आणि येताना डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे उतरेल. चढावर काठी टेकणारी डोकरी आणि उतारावर सुटलेलं गंगाफळ. मुलाला कुणी नकाशा दाखवायला नको, गंगाफळ का थांबत नाही हे त्याला पान पाहूनच कळतं.

चित्रकाराला 'खेडेगाव काढा' एवढंच सांगितलं तर तो कौलारू घर, नारळाचं झाड आणि मागे हिरवे डोंगर काढतो. ते कोकण झालं. त्याला फोटो द्या. धाब्याची मातीची घरं, सपाट छपरं, त्यावर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. काळी जमीन, कापूस, केळी, दादर ज्वारीचं शेत. जंगलात साग, अंजन, मोहा, पळस. पळस फुललेला दाखवायचा असेल तर झाडावर पानं जवळजवळ नसतात, फुलंच असतात, हे त्याला सांगा. डोकरी आखाजीच्या सुमारास निघते असं धरलंत तर तोपर्यंत पळसाचा बहर ओसरलेला असतो, तेव्हा ऋतू एक ठरवा आणि तोच शेवटपर्यंत पाळा.

गंगाफळावर सर्वांत जास्त वेळ घालवा. इंटरनेटवर शोधलं की नारिंगी, गोल, परदेशी भोपळा येतो, आणि हल्ली मोबाइलवर दोन मिनिटांत चित्र करून देणारी साधनंही बहुधा तोच काढतात. आपलं गंगाफळ चपटं, खोल खाचांचं, कच्चं असताना हिरवट आणि पिकल्यावर मातकट पिवळं. बाजारातून एक आणून चित्रकाराच्या टेबलावर ठेवा. चपटं फळ कडेवर उभं राहून लोळेल की टुणटुण उड्या मारेल, हे आधीच ठरवावं लागेल. आजीच्या तोंडी 'टुनुक टुनुक' आहे, तेव्हा ते उडीच मारेल. आणि एवढं मोठं गंगाफळ आलं कुठून हे मुलं विचारणार, म्हणून पाचव्या जोडीत लेकीच्या धाब्यावर चढलेला वेल आणि त्याचं अवाढव्य फळ न बोलता दाखवून ठेवा. डोकरी अंगणात शिरतानाच ते वर असलं पाहिजे.

मुद्द्याचं चित्र पानांच्या मधल्या शिवणीत येऊ देऊ नका. डोकरीचा चेहरा तिथे गेला की गेला. रंगीत चित्रं सुरू करण्याआधी चित्रकाराकडून सगळ्या जोड्यांची पेन्सिलची छोटी कच्ची रूपं घ्या. ती घडी घालून, टाचून एक नकली पुस्तक करा आणि ते दोन-तीन वर्गांत वाचून दाखवा. मग पुस्तक मिटा आणि मुलांना गोष्ट सांगायला लावा. जे ती गाळतात त्यातलं बरंच तुम्हीही गाळू शकता. जिथे ती चित्राबद्दल विचारतात तिथे चित्र अपुरं आहे. हे रंग भरण्याआधी कळलं तर फुकट, नंतर कळलं तर महाग. चित्रकाराचं मानधन, मूळ चित्रं कोणाकडे राहणार, दुसऱ्या आवृत्तीचे पैसे, मुखपृष्ठावरचं नाव, हे सगळं आधी कागदावर लिहून घ्या. ओळखीतला असला तर जास्तच.

भाषेबद्दल. आधी बोली कोणती ते पक्कं करा. खान्देशात सगळीकडे अहिराणीच बोलतात असं नाही. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी, शहाद्याकडे गुजरी. आजीच्या गावची जी आहे तीच घ्या, पुस्तकासाठी 'सर्वसाधारण खान्देशी' तयार करू नका. ती कुणीच बोलत नाही.

माझा सल्ला असा, की निवेदन साध्या बोलत्या मराठीत आणि पात्रांचं बोलणं पूर्ण अहिराणीत ठेवा. 'आंडेरना घर जासू, दूध-तूप खासू, जाडीजुडी व्हसू, मंग माले खाजो.' पुण्या-कोल्हापूरच्या मुलालाही चित्र पाहून हे कळतं, आणि तीनदा आल्यावर तोंडात बसतं. कंसात अर्थ देऊ नका, मोठ्याने वाचणाऱ्याला कंस वाचता येत नाही. आजी ळ चा य करते, 'गंगाफय' म्हणते, तर पात्रांच्या तोंडी 'गंगाफय'च छापा आणि टंकलेखकाला, मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते इमानेइतबारे 'दुरुस्त' करतील. लिहिण्याची एकच रीत ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. लोकांना वाचता येईल का ही शंका सोडा. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या. त्यांची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ऐकून लिहून ठेवली आणि 1952 मध्ये ती छापून आली ती बोलीतच. अख्ख्या महाराष्ट्राने ती तशीच वाचली, तशीच पाठ केली.

तुम्हाला पूर्ण अहिराणी आवृत्तीही हवी आहे, असं पत्रात आहे. छापखान्यात आधी सांगा, की सगळा मजकूर चित्रापासून वेगळ्या थरावर आणि निव्वळ काळ्या रंगात ठेवा. पांढरी अक्षरं चित्रात कोरायची नाहीत, रंगीत अक्षरं नाहीत. मग दुसऱ्या भाषेसाठी छपाईच्या चार रंगांच्या प्लेटांपैकी फक्त काळ्या रंगाची बदलावी लागते, बाकीच्या तीन त्याच चालतात. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ छापल्या तर खर्चात मोठा फरक पडतो. चित्रकाराला मात्र दोन्ही मजकुरांची लांबी आधी द्या, अहिराणी ओळ लांबली तर तिला जागा हवी. एका जोडीवर साठ शब्दांहून जास्त जाऊ नका.

बाकी छपाईचं थोडक्यात. 20 × 30 इंची कागदाच्या आठव्या भागाचं, म्हणजे साधारण साडेसात बाय दहाचं पुस्तक मुलाच्या मांडीवर बसतं आणि कागद वाया जात नाही. 24 पानं म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला गठ्ठा) आणि आठाचा एक, मधून पिना मारून बांधता येतं. आतला कागद 130 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपास आणि मॅट घ्या, चकचकीत कागदावर वर्गातल्या ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि मागच्या मुलांना चित्र दिसत नाही. टंक, म्हणजे फाँट, युनिकोडच घ्या. 'मुक्ता' आणि 'बालू' हे दोन्ही मोफत आहेत आणि मुलांना वाचायला स्वच्छ आहेत. ल आणि श मराठी वळणाचे येतात का ते पाहून घ्या, नुकतंच वाचायला लागलेलं मूल हिंदी वळणाच्या ल पाशी अडतं. जिल्ह्यातले बरेच छापखाने अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात काम करतात आणि मजकूर त्यात बदलताना जोडाक्षरं मोडतात, म्हणून अंतिम प्रूफ कागदावरच वाचा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत, तेव्हा कुणी दलाल मागत असेल तर देऊ नका.

हक्कांचं: गोष्ट कुणाच्या मालकीची नाही, पण छापील संग्रहातली शब्दरचना संग्राहकाची असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो हक्क राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. आजीच्या सांगण्यावरून लिहिलंत तर हा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या कुठल्या पुस्तकातून एखादं कडवं उचलायचा मोह झाला तर टाळा.

आजीचं नाव मुखपृष्ठावर घाला, आतल्या 'ऋणनिर्देशात' नको. 'कथन' या शब्दापुढे तिचं नाव, 'पुनर्कथन' पुढे तुमचं, 'चित्रं' पुढे चित्रकाराचं, तिन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत. त्यासाठी तिची परवानगी घ्या, तिला कोणतं नाव छापलेलं आवडेल हेही विचारा. काही बायकांना माहेरचं नाव हवं असतं. श्रेयाच्या पानावर तिचं गाव, तालुका आणि तिने गोष्ट सांगितली ते वर्ष लिहा. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. विक्रीतून काही मिळालं तर तिचा वाटा किती, तेही छापायच्या आधी घरात बसून ठरवून टाका.